बॅगेवरचा नीलवंत

"थांबा! पाणी मारू नका!"

कुंपणापलीकडून हाक आली आणि माझ्या हातातला पाइप तसाच राहिला.

"अहो, लिंबाच्या पानावरची पाखराची शीट धुतेय," मी म्हणाले. "तुम्ही कोण?"

"कृष्णा. कालच शेजारी राहायला आलोय. अन् ती शीट नाय ताई, अळी हाय. नीलवंत फुलपाखराची."

गौताळ्याच्या जंगलात वनरक्षक म्हणून उभी हयात काढलेला हा माणूस पडेगावातल्या माझ्या अंगणात रोज यायला लागला. अळी वाढली, हिरवीगार झाली. डिवचली की डोक्यातून लाल शिंगं काढायची, उग्र वास सोडायची.

"रागावली... तुमच्यासारखी."

"मला शिंगं आहेत?"

"अजून दिसली नाहीत. बघतोय."

या वयातही कानशिलं तापतात, हे मला ठाऊक नव्हतं!

पण दिवाळीनंतर मी पुण्याला जाणार होते, मुलाकडे, कायमची. कृष्णारावांना सांगितलं, तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले. मला रात्रभर झोप नाही.

आमचे हे हयात असताना म्हैसमाळला जायला घेतलेली जुनी बॅग मी पुण्यासाठी काढून व्हरांड्यात उन्हाला ठेवली. दुसऱ्या दिवशी अळी गायब. पानन् पान पाहिलं. कावळ्यानं नेली? मी रडवेली झाले. कृष्णारावांनी हळूच बोट दाखवलं. बॅगेच्या मुठीला हिरवा कोष, बारीक धाग्यानं बांधलेला.

"हलवू नका... पडंल."

"आणि माझं जाणं?"

धक्का लागू नये म्हणून ते बॅगेभोवती विटा रचायला लागले.

"आई, किड्यासाठी?" आकाश फोनवर हसला. "बरं, फुलपाखरू उडालं की लगेच निघ."

रोज कोष बघायचे. उमलावा, असं वाटे... उमलू नये, असंही. एका सकाळी तो काळा पडला.

"मेलं का हो?"

"नाय, आतले पंख दिसायलेत."

कोष फाटला. ओला जीव बाहेर येऊन लटकला. पंख पसरत गेले, काळ्यावर निळे. ऊन चढलं, आणि नीलवंत लिंबावरून पलीकडे उडून गेला.

बॅग मोकळी झाली. घरात फोन वाजायला लागला, आकाशचाच असणार.

कृष्णारावांनी बॅग उचलली. रिक्षा आणणार की काय?

"सत्यभामा," ते म्हणाले. ताई नाही, काही नाही, नुसतं माझं नाव. "ही... माळ्यावर ठेवू का?"

फोन वाजतच होता. मी आधी स्टूल आणलं.