उघडंच हाय

"हे कुणाला खरं वाटायचं नाही. वाटलं, तर मी गोष्टी सांगणं सोडीन," असं म्हणून तात्यांनी चहा बशीत ओतला.

शेवगावचा बाजार उरकून चार माणसं त्यांच्याकडे टेकली होती. तात्या सांगायला लागले की निम्मं खोटं, हे सगळ्यांना ठाऊक. तरी लोक बसत. घर गार होतं. दाराला नुसती चौकट, कवाडं नाहीत. वारा खेळता राहतो, असं तात्या म्हणायचे. त्या चौघांतला सहादेव त्या चौकटीलाच पाठ लावून बसला होता.

गोष्ट त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातली, शिंगणापूरच्या रंगनाथची. रंगनाथ बर्मिंगहॅमला एका कारखान्यात फिटर. अकरा वर्षांनी विमानात बसला, तो आईला, बनुबाईला, कायमचं घेऊन जायला. बाप वारला तेव्हा तो आला नव्हता. आई आता ओळख तरी देईल का, एवढीच धास्ती त्याच्या मनात.

शिंगणापुरात घरांना दारं नसतात. फार तर चौकटीवर गोणपाटाचा पडदा. विलायतेत मात्र रंगनाथच्या खोलीला चांगलं जाड दार होतं, आणि त्या दारावर रोज सकाळी आठाला तीनदा टकटक व्हायची. पहिले काही दिवस त्यानं उघडून पाहिलं. जिन्यात कुणी नसायचं. मग त्यानं उघडणं सोडलं. आतून कडी घालून, टकटक ऐकत चहा प्यायचा. अशी अकरा वर्षं काढली.

विमानात त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. बैरूत सोडलं, खाली नुसते ढग. घड्याळात आठ झाले आणि त्याच्या कोपरापाशी पत्र्यावर तीनदा टकटक झाली.

बाहेरून.

माणूस फिटर. थंडीनं पत्रा आकसतो, रिव्हेट बोलतात, अशी त्यानं मनाची समजूत घातली. शेजारचा गृहस्थ मात्र पेपरातून डोकं काढून खिडकीकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी नगरहून एस.टी.नं घोडेगाव आणि तिथून पायी. दुष्काळाचं साल. रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बायांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि पुन्हा हातोड्या उचलल्या. बारा वाजून गेल्यावर तो घरापुढे पोचला. विलायती सवय, हात आपसूक वर गेला, आणि त्यानं चौकटीवर तीनदा टकटक केली.

"ये रंगा, उघडंच हाय," आतून आवाज आला.

नुसत्या टकटकीवरून आईनं ओळखलं होतं. पडदा सारून तो आत गेला. बनुबाई चुलीपुढे लाल मिलोची, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, भाकरी थापत होती. तिनं मान वळवली नाही. शेजारी पितळी मांडून ठेवलेली होती.

"आज लवकर आलास," ती म्हणाली.

त्यानं पाया पडून सांगितलं, की तो आत्ता येतोय, विलायतेहून, विमानानं. बनुबाई थापतच राहिली. म्हणाली, तू गेलास त्या सालापासनं रोज दुपारी वाजतंय. ह्या गावात चौकट वाजवतंय कोण? पोरगं परमुलखातली रीत शिकलं असंल, म्हणून मी हाक देते, पितळी मांडते. दिसत कोणी न्हाई. पण भाकर संपती.

रंगनाथनं मनगटाकडे पाहिलं. घड्याळ अजून विलायतेच्याच वेळेवर होतं. आठाला दोन मिनिटं कमी. त्यानं हिशेब केला. तिथले आठ म्हणजे इथले साडेबारा. तिथं त्यानं ज्याला दार उघडणं सोडलं होतं, त्याला आई इथं त्याच्याच नावानं घरात घेत होती.

"आई, आज ये म्हणू नको," तो म्हणाला.

चौकटीवर तीनदा टकटक झाली.

पडदा जागच्या जागी होता. त्याच्याखाली उन्हाची सरळ पट्टी. पाय दिसत नव्हते.

बनुबाईनं पहिल्यांदाच मान वळवली. डोक्यापासून बुटांपर्यंत त्याला पाहिलं.

"तू हितं बसलास. मग त्यो कोन?"

रंगनाथनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

पुन्हा टकटक झाली.

तिनं त्याचा हात काढला. हळूच, परक्या माणसाचा काढावा तसा.

"ये रंगा," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "उघडंच हाय."

पडदा हलला नाही. टकटक थांबली. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

मग टकटक झाली.

चौकटीच्या आतल्या अंगानं.

तात्यांनी बशी तोंडाला लावली. पुढं काय झालं, ते कुणीतरी विचारलंच.

"पुढं काय? उचलली आईला खांद्यावर आणि पहिली एस.टी. धरली. परत विमान नाही, विलायत नाही. दोघं सुखात राहिली. ते मागंच राहिलं, त्या रिकाम्या घरात. बसलं असेल अजून ठोकत." तात्या हसले. बाकीचेही हसले.

सहादेव हसला नाही.

"तात्या, शेवट लबाड हाय," तो म्हणाला. "त्ये तितंच राहिलं, तर तुमी ह्या घराची कवाडं कशापायी काढलीत?"

तात्यांनी बशी खाली ठेवली, ती परत उचलली नाही.

सहादेवचा अंगठा मघापासून चौकटीवर फिरत होता. वर गंजलेल्या बिजागऱ्या तशाच लटकत होत्या. आतल्या अंगाला, माणसाची मूठ पोचेल तेवढ्या उंचीवर, सागवानाला वाटीएवढा खळगा पडला होता, आणि त्यात ताजा भुसा होता.