उलट्या दगडांची वाट

“थांब! ही चळत खोटी आहे!”

होका किंचाळली तसा ढब्बूचा उचललेला पाय हवेतच राहिला.

“खोटी? म्हणजे काय, दगड प्लास्टिकचे आहेत?”

“गंमत नको रे. नीट बघ ना!”

डोळे बांधून गरगर फिरवलं तरी अचूक उत्तर दिशा दाखवायची, म्हणून तिचं नाव होकायंत्र, लाडाने होका. ढब्बू तिचा मामेभाऊ. सुट्टीत सगळे समुद्रकाठच्या राखीव रानात फिरायला आले होते. एका अंगाला रान, दुसऱ्या अंगाला कडा आणि कड्याखाली घुसळणारा समुद्र. इथल्या वाऱ्यात पाट्या टिकत नसत, म्हणून वाट दाखवायला दगडांच्या चळती रचलेल्या होत्या. “चळत दिसेल तिकडेच पाऊल टाकायचं,” फाटकावरच्या रक्षकबाईंनी बजावलं होतं, “आणि स्वतः एकही रचायची नाही!”

इथे वाटेला दोन फाटे फुटले होते. डावीकडची चळत बुटकी, अंगभर करडं दगडफूल ल्यालेली. उजवीकडची उंच, सडपातळ, नुसती बघत राहावी अशी. पण तिच्या माथ्यावरच्या दगडाला ओली माती होती आणि मातीत गवताची मुळं लोंबत होती.

“खालची बाजू वर आलीय. आजच कुणीतरी उचललाय हा दगड!”

“होका…” ढब्बूचा आवाज एकदम बारीक झाला. “वर सुरूच्या झाडाचं बोंड ठेवलंय.”

होकाने ते उचलून घेतलं. शेपूट! तिचा धाकटा भाऊ. कायम मागे राहतो म्हणून शेपूट. आज मागे पडू नये म्हणून मामी त्याला घेऊन आधीच निघाली होती. जाताना प्रत्येक चळतीवर तो सुरूचं बोंड ठेवत होता, “माझी पण खूण!” म्हणत.

म्हणजे दोघं उजवीकडे गेली होती. आणि उजवीकडची वाट उतरत होती कड्याखालच्या वाळूच्या पुळणीवर. भरती आली की ती पुळण उरतच नाही, असं रक्षकबाई म्हणाल्या होत्या. भरती तर सुरू झाली होती! समुद्रावरून धुकंही दबक्या पावलांनी वर येत होतं.

दोघं धावत मागे आली. टेकाडावर मामा तिवईवरच्या कॅमेऱ्याला डोळा लावून बसला होता.

“मामा! वाटेवर कुणीतरी खोट्या चळती रचल्यात!”

“खोट्या काय? मी रचल्यात!” मामा खुशीत हसला. “सकाळपासून खपतोय. पार पुळणीपर्यंत रांग लावलीय. धुक्यात काय फोटो येईल, बघच!”

“बाबा, आई त्यांच्याच मागून गेलीय!”

“छे! तुझी आई मला वाट शिकवते. येईल परत. आता हलू नका, धुकं बरोबर लागलंय—”

ढब्बूने होकाकडे पाहिलं. होकाने मान हलवली. पुढच्या क्षणी कॅमेरा ढब्बूच्या गळ्यात, तिवई होकाच्या खांद्यावर आणि दोघं उजव्या वाटेने पसार!

“अरे! चोरांनो! महागाचा आहे तो!” मामा धापा टाकत मागे धावला. एरवी हाका मारून जो हलला नसता, तो असा वाऱ्यासारखा आला!

कड्याच्या टोकाशी पोचले तेव्हा धुक्याने समुद्र गिळून टाकला होता. खाली फक्त धडाड… धडाड!

“मामीऽ! शेपूटऽ!”

लाटांनी हाका खाऊन टाकल्या. मामाचा चेहरा पांढराफटक पडला. कॅमेऱ्याचं नावसुद्धा त्याने काढलं नाही.

“गाणं म्हण,” होका म्हणाली. “चालतानाचं, शेपूट ज्याला उत्तर देतो ते. मोठ्याने!”

“मागच्या, मागच्या, आहेस ना?” दोघं बेंबीच्या देठापासून गायली.

काहीच नाही.

“मागच्या, मागच्या, आहेस ना?” आता मामाचा भसाडा आवाजही मिसळला.

आणि मग लाटांच्या मधल्या फटीतून, सुईत दोरा ओवावा तसा, एक बारीक सूर वर आला.

“आहे, आहे, थांबा नाऽ!”

याच ओळीला रोज सगळे हसायचे. आज होकाचे डोळे भरून आले.

“डावीकडे! त्या फुटक्या खडकाच्या खाली!” ती ओरडली.

मामीने शेपटाला घेऊन कड्यातली एक अरुंद कपार गाठली होती. खालून लाटा तिच्या घोट्यांना चाटत होत्या. वरचा कडा मात्र सरळसोट.

होकाने तिवईचे पाय ताणून लांब केले. मामा ती खाली सोडत कड्यावर पालथा झोपला. ढब्बू आणि होका त्याच्या पायांवर बसली.

“घट्ट धर, बाळा! खाली बघू नकोस!” मामा शेपटाला म्हणाला.

मामीने खालून रेटलं, मामाने वरून ओढलं. शेपूट वर आला, पण मामीचा हात तिवईपर्यंत काही पुरेना! एक लाट तिच्या गुडघ्यांपर्यंत चढली.

“गात राहा!” मामा ओरडला. “थांबू नका!”

तेवढ्यात धुक्यातून रक्षकबाई आल्या, खांद्यावर दोर. “तुमच्या गाण्याचाच माग काढत आले!” त्यांनी खडकाला दोर बांधून खाली सोडला. मामी वर आली आणि तिने आधी तिन्ही मुलांना एकदम कवेत घेतलं. मग मामाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. बिचारा मामा एवढासा झाला!

सगळं कळल्यावर रक्षकबाई म्हणाल्या, “ओल्या मातीवरून खोटी चळत ओळखलीत? अशी नजर मीच तुमच्याकडून शिकायला हवी, पोरांनो! आणि गाण्याची अक्कल तर मलाही सुचली नसती.”

“कॅमेरा पळवण्याची अक्कल माझी!” ढब्बूने छाती फुगवली.

“त्या अकलेला तर सगळ्यात मोठी शाबासकी,” मामी म्हणाली.

परतताना मामा एकेक खोटी चळत उतरवत होता. कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचा दगड त्याने घाईने बाजूला टाकला, तसा शेपूट थांबला.

“मामा, मातीची बाजू खाली. याच्याखाली मुंग्या राहतात. त्या घर शोधत असतील ना.”

मामा गुडघ्यांवर बसला. दगड उलटून त्याने हलक्या हाताने त्याच्या मूळच्या खळग्यात बसवला. मग पाठ वाकवून म्हणाला, “चल शेपटा, बस पाठीवर.”

“नको,” शेपूट म्हणाला. “तू पुढे हो. मी मागून आवाज देतो.”