डावीकडच्याला आधी

शनिवारी दुपारी नदीन प्रुइट आपल्या भावाची निळी गाडी ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर घेऊन आली, ती शेजाऱ्याचा आजारी कुत्रा डॉक्टरकडे न्यावा तशा नाइलाजाने. वय सेहेचाळीस. पंधरा वर्षं ती शाळेची बस चालवत होती, आणि बसने तासाला चाळीस मैल ओलांडले की मागची पोरं टाळ्या पिटत. वेगाची हौस प्रुइटांच्या घरात धाकट्या डेल्बर्टच्याच वाट्याला आली होती आणि ती त्याला चांगलीच भोवली होती.

केंटकीच्या डोंगरात दोन टेकड्यांच्या मधे हा ट्रॅक होता. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या आणि खांबावरचा हिरवा दिवा लागला की सरळ पाव मैल पळायच्या, एवढाच खेळ. पण त्या पाव मैलापायी या खोऱ्यातल्या माणसांनी संसार उधळले होते. दोन वर्षांपूर्वी याच ट्रॅकच्या टोकाला डेल्बर्टच्या गाडीची आणि रॉइस टॅकेटच्या गाडीची धडक झाली. रॉइसची गाडी कठडा तोडून खालच्या ओढ्यात गेली आणि तो सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी. डेल्बर्ट वाचला, पण त्याचा डावा पाय क्लच दाबण्याच्या लायकीचा उरला नाही. रॉइसचे ब्रेक लागले नाहीत, असं डेल्बर्टने सांगितलं. टोकापर्यंत कोणाची नजर पोचत नाही, तेव्हा सगळ्यांनी ते मानलं.

तेव्हापासून त्याची झोप गेली होती. गोळी घेतली तर तासभर डोळा लागे, मग ओरडत उठे. समोर ठेवलेलं ताट तसंच राही. डॉक्टर झाले, चर्चमधले पाद्री झाले. मागच्या आठवड्यात जेवताना त्याने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "नदीन, एकदा ती गाडी तू ट्रॅकवर घाल. शेवटपर्यंत जा आणि नीट परत ये. मग मी झोपेन."

"मी? अरे, मला बघून माणसं हसतील!"

"हसू देत."

तो गंमत करत नव्हता. भाऊ तिच्या डोळ्यांदेखत झिजत चालला होता. तो झोपणार असेल तर ती त्या गाडीने विहिरीतही उतरली असती.

रांगेत त्यांच्यापुढे नऊ गाड्या होत्या. डेल्बर्ट कुबडी टेकून खिडकीशी उभा राहिला आणि शिकवू लागला. दोन वर्षांत इतकं एका दमात तो बोलला नव्हता.

"पुढे पाण्याचं डबकं दिसतंय? ते मोठ्या टायरवाल्यांसाठी आहे. तू वळसा घालून जा. नवखी माणसं तोऱ्यात पाण्यातून जातात आणि मग जागच्या जागी घसरत बसतात."

"बरं."

"इंजिनाच्या फेऱ्यांची सुई तीन हजारांवर धर. क्लच एकदम सोडलास तर चाकं नुसती फिरतील, फार रेंगाळलीस तर क्लच जळेल. अंडं टेबलावर ठेवतेस ना, तसा सोड. पण पटकन."

"अंडं पटकन ठेवलं तर फुटतं, डेल."

तो हसला नाही. "हिरव्याची वाट बघू नकोस. शेवटचा पिवळा लागला की सूट, हिरवा आपोआप येतो. गिअर बदलताना हाताकडे बघायचं नाही. शेजारी तर मुळीच बघायचं नाही. रेघ ओलांडेपर्यंत पाय काढू नकोस, आणि ओलांडल्यावर ब्रेक हळू."

"आणि उभं कसं राहायचं?"

"खांबावर दोन छोटे दिवे आहेत. थोडी पुढे सरकलीस की पहिला लागेल. तिथे थांब. शेजारच्याचा पहिला लागला की मगच दुसरा लाव. शिष्टाचार आहे, इथे सगळे पाळतात."

रांग हलली. त्याने खिडकीची कड घट्ट धरली.

"आता हे नीट ऐक. बाहेर पडायचा रस्ता टोकाला डावीकडे आहे. तुला उजवी बाजू मिळेल. उजवीकडच्याने आधी वळायचं नाही. डावीकडच्याला आधी जाऊ द्यायचं, मग त्याच्या मागून आपण. कळलं?"

"बसवालीला रस्त्याचे नियम शिकवतोस?"

"कोणी नसलं तरी, नदीन... डावीकडे कोणी दिसलं नाही तरी थांब. जरा वेळ थांब."

त्याचे ओठ कोरडे पडले होते. तिला विचारायचं होतं, पण मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि डेल्बर्ट लंगडत बाजूला झाला.

तिचा नंबर आला तेव्हा डावीकडे लागणारी लाल गाडी बंद पडली. चौघांनी ती ढकलत बाहेर काढली. भोंग्यावरचा माणूस म्हणाला, "उजवीकडे निळी गाडी, एकटीच धावणार. पहिलीच वेळ आहे, मंडळी, टाळ्या वाजवा!" दोनचार टाळ्या वाजल्या. नदीनला बसमधल्या पोरांची आठवण झाली आणि तेवढंच बरं वाटलं. तिने डबक्याला वळसा घातला आणि सावकाश पुढे सरकली. तिचा पहिला दिवा लागला.

एकटीच होती, तेव्हा थांबायचं कारण नव्हतं. पाय ब्रेकवरून काढणार एवढ्यात डावीकडचा पहिला दिवा लागला.

डाव्या बाजूला रिकामा रस्ता होता. कललेल्या उन्हात चकाकणारं डांबर, बाकी काही नाही. सुरुवात करून देणारा दाढीवाला वाकून आला, गाडी आली की दिवा लावणारा जमिनीलगतचा काचेचा डोळा त्याने रुमालाने पुसला आणि नदीनकडे बघून खांदे उडवले. पान-बिन आलं असेल, असा त्याचा चेहरा होता. दिवा विझला. तो बाजूला होताच पुन्हा लागला. आता तो स्थिर होता.

 गाडी मागे घेता आली असती. पण परत जाऊन डेल्बर्टला काय सांगायचं? आज झोपू नकोस, मला भीती वाटली? तिने गाडी वीतभर पुढे घेतली आणि आपला दुसरा दिवा लावला. लगेच डावीकडचाही दुसरा लागला, रीतीप्रमाणे, तिच्या मागून.

पिवळे दिवे उतरत आले आणि शेवटच्याला तिने क्लच सोडला.

गाडी उसळली. दुसरा गिअर, मग तिसरा. हात आपोआप चालत होता. आणि तिच्या डाव्या कानाशी दुसरं एक इंजिन होतं, जाड, घोगरं, मधूनच ठसकणारं. कठड्यावरून आपलाच आवाज परत येतोय, तिने स्वतःला बजावलं. पण तिने चौथा टाकला तेव्हा तिचं इंजिन खाली आलं आणि ते दुसरं तसंच चढत राहिलं. मिटलेल्या काचांच्या आत वास भरला, कुजलेली पानं आणि ओढ्याचा गाळ. शेजारी बघायचं नाही. तिने बघितलं नाही. रेघ मागे पडली, तिने पाय काढला आणि हळू ब्रेक दाबला. शेजारच्यानेही दाबला. तो तिच्या अर्धी गाडी मागे, डाव्या खांद्याशी येऊन राहिला.

बाहेरचा रस्ता आला. नदीन थांबली.

इथे माणूस नव्हता. कठड्याचा एक तुकडा नव्या पत्र्याचा होता आणि त्याखाली ओढा वाजत होता. ती थांबून राहिली. डावीकडचं इंजिन जागच्या जागी धडधडत होतं. तेही थांबलं होतं.

"निळी गाडी, ट्रॅक मोकळा करा," लांबून भोंगा ओरडला. "बाई, डावीकडे वळा! मागे जोडी उभी आहे!"

वळायचं म्हणजे त्याच्यासमोरून आडवं जायचं.  वळले तर हा येऊन आदळेल, याची तिला इतकी खात्री होती की डावा पाय आपोआप आखडला. आणि त्याच क्षणी तिला कळलं, डेल्बर्टने दोन वर्षांपूर्वी काय केलं होतं ते. ब्रेकबिक काही नव्हतं. डेल्बर्टच आडवा वळला होता.

"निळी गाडी!"

तिने काच खाली केली. हात बाहेर काढला आणि बसमधून रोज शंभरदा करते तशी खूण केली... जा बाबा, आधी तू.

इंजिनाचा आवाज बदलला. खडी करकरली आणि आवाज तिच्या नाकासमोरून डावीकडे वळून निघून गेला. कोरड्या रस्त्यावर दोन ओले पट्टे उमटत गेले. ती त्यांच्या मागून परतीच्या रस्त्याला लागली. अर्ध्यावर पट्टे सुकून दिसेनासे झाले.

डेल्बर्ट घडीच्या खुर्चीच्या कडेवर बसला होता. "थांबलीस?"

"थांबले."

"गेला? आधी तो गेला?"

"गेला." मग तिचा बांध फुटला. "तू आडवा वळलास, डेल. दोन वर्षं मेलेल्या माणसावर खापर फोडून बसलास तू!"

त्याने तोंड हातांत घेतलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. जिंकल्याच्या गुर्मीत वळलो, म्हणाला. मागे बघितलंच नाही. रोज रात्री ते इंजिन ट्रॅकच्या टोकाला उभं असलेलं ऐकू येतं, म्हणाला. तिला त्याची चीड आली होती आणि पोटातून मायाही दाटून आली होती. तिने त्याला दंडाला धरून उठवलं.

"चल. जिनेव्हाला सांग. आत्ता. माझ्यासमोर."

जिनेव्हा टॅकेट, रॉइसची बायको, फाटकाजवळच्या खिडकीतून सॉसेज आणि तळलेले बटाटे विकायची. दोन वर्षं डेल्बर्ट त्या खिडकीवरून गेला नव्हता. आज तो तिच्यासमोर उभा राहिला, टोपी काढली आणि अडखळत सगळं बोलला. जिनेव्हा तव्यावरचे कांदे परतत ऐकत होती. ओरडली नाही की रडली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"रॉइसने. मघाशी येऊन गेला." तिने आच कमी केली. "इतके दिवस तिकडे टोकालाच होता बिचारा. वळायची पाळी त्याची ना. पण येणारा प्रत्येक जण आपला वळून मोकळा, याला वाट देतंय कोण? आज कोणीतरी भल्या माणसाने दिली म्हणाला."

नदीनने वळून ट्रॅकच्या टोकाकडे बघितलं.

"रागावलेला नाही हो तो," जिनेव्हा डेल्बर्टला म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. "तुझंच विचारत होता. अजून गिरणीच्या रस्त्यालाच राहता का, म्हणाला. मी म्हटलं, हो, तिथेच."

दुःखाने बाईचं डोकं फिरलंय, नदीनने मनाशी म्हटलं. ट्रेलर जोडेपर्यंत ती हेच घोकत होती. डेल्बर्टला मात्र ते ऐकूच आलं नव्हतं जणू. त्याने दोन सॉसेज-पाव खाल्ले, बोटं चाटली, आणि ट्रेलर ओढणारी गाडी मोठ्या रस्त्याला लागायच्या आत खिडकीला डोकं टेकून झोपला. गोळी नाही, ओरडणं नाही. तोंड उघडं टाकून घोरत होता. त्या घोरण्याने नदीनचे डोळे भरून आले. भाऊ परत मिळाला होता. बाकीचं उद्या बघू.

सूर्य टेकडीमागे गेला होता, पण उजेड होता अजून. गिरणीचा रस्ता कोरडा ठणठणीत होता. घराकडे वळणारी खडीची वाट दिसली तसा तिने वेग कमी केला आणि सवयीने काच खाली घेतली.

गाळाचा वास आला.

वाटेच्या तोंडाशी, डाव्या अंगाला, ते इंजिन धडधडत उभं होतं. मधेच ठसकत होतं. त्याच्याखालच्या डांबरावर ओल पसरत होती. ते आत जात नव्हतं. वाट बघत होतं, कोणीतरी 'आधी तू' म्हणण्याची.

नदीनचा हात दारावर होता. पंधरा वर्षांची सवय, तो उचललाही गेला. मग तिने तो ओढून पोटाशी धरला, जसा काही भाजला होता. इथून पुढे घर होतं. स्वयंपाकघर, जिना, डेल्बर्टची खोली.

नाही, ती मनात म्हणाली.  गाडी मागे घ्यावी आणि रात्रभर चालवत राहावं, कुठेही. तिने मागचा गिअर टाकायला दांडा धरला.

"का थांबलीस?" शेजारून डेल्बर्ट म्हणाला.

त्याचे डोळे मिटलेले होते. श्वास संथ चालला होता. दोन वर्षांत तिने त्याला इतकं गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं.

"डेल... गप्प राहा. डेल, ऊठ."

"जाऊ दे ना त्याला आधी," तो समजुतीने म्हणाला. आणि झोपेतच आपल्या बाजूची काच खाली करून त्याने हात बाहेर काढला.

समोरची खडी करकरली.