लाल रेघ

प्रयोगशाळेतली मुलं त्याला मागून 'अंतरमास्तर' म्हणत. दोन तारांमधलं अंतर स्वतः मोजल्याशिवाय तो कुणाला बटणाला हात लावू देत नसे. शेजारच्या तारांमधून वीज एकाच दिशेने वाहिली तर तारा एकमेकींकडे ओढल्या जातात, उलट दिशांनी वाहिली तर एकमेकींना दूर लोटतात. वीज वाढली की जोरही वाढतो, हे सांगताना त्याचा आवाज नेमका खाली जाई.

तो जोर त्याने पाहिला होता. तेव्हा तो विजेची पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात होता. तिथेच कामाला असलेल्या ताईच्या नवऱ्याने, दाजींनी, शब्द टाकून त्याला चिकटवलं होतं. तांब्याच्या जाड पट्ट्या समांतर बसवायच्या, नट आवळायचे आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर लाल रंगाची रेघ ओढायची, हा तिथला शिरस्ता. एकदा चहाची घंटा झाली म्हणून त्याने रेघा आधीच ओढून ठेवल्या. आल्यावर आवळू म्हणाला आणि विसरला. चाचणीला वीज सोडली, तशी एक पट्टी सुटून जाळी फोडून बाहेर आली. जाळीपलीकडे उभ्या असलेल्या दाजींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीत साहेबांनी विचारलं, नट कुणी आवळले? त्याने दाजींचं नाव घेतलं. दाजींनी बँडेजमधला हात मांडीवर सावरला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली. त्यांची नोकरी गेली. पुढे ते सगळं डाव्या हाताने करायला शिकले, पण अक्षर कायम तिरकंच येई. गेल्या महिन्यात ते वारले, तो ठपका डोक्यावर घेऊनच. खांदा देताना याला लाजेने मान वर करता आली नव्हती.

आज सकाळच्या तासाला चौकटीत बसवलेल्या दोन तारांमधून उलट दिशांनी वीज सोडली, तरी तारा एकमेकींकडे सरकल्या आणि चिकटल्या. मुलं फिदीफिदी हसली. जोडणी चुकली असणार म्हणून त्याने दोनदा तपासली. ती बरोबर होती. वीज बंद केली, तारा हाताने वेगळ्या केल्या. मुलं गेल्यावर पाहतो तर त्या सावकाश जवळ येत होत्या. त्याने भिंतीतला प्लग उपटून टेबलावर ठेवला.

दुपारी ताई आली. रुमालात दाजींचा पाना आणि लाल रंगाची बाटली गुंडाळून आणली होती. बाटलीतला रंग केव्हाच दगड झाला होता. तुझ्या उपयोगी पडेल म्हणाली, आणि तारांच्या चौकटीजवळच्या स्टुलावर बसली. मग खाली बघत म्हणाली, "एकच विचारते. तो नट यांच्याच हातून सैल राहिला?"



"हो, ताई. त्यांच्याच."

ताईने मान हलवली. काहीतरी करायचं म्हणून ती बोटांनी तारांवरची धूळ पुसू लागली.

तारा मिटल्या.

ताईची दोन बोटं मध्ये सापडली. उजव्या हाताची. तीच दोन.

तो धावला. तारा ओढल्या, चौकट हलवली. प्लग टेबलावरच होता. ताई ओरडली नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिली, दाजींनी बघितलं होतं तसंच. बोटांची टोकं पांढरी पडली, मग निळी.

"नट माझा होता," तो म्हणाला. "आवळायच्या आधी रेघ मी ओढली. दाजींना माहीत होतं."

तारा सुटल्या.

ताईने हात ओच्यात घेतला. तारांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

"माझ्या भावासाठी गप्प बसले," ती म्हणाली, "आणि मीच त्यांना इतकी वर्षं बोल लावले."

ती उठली, दाराशी थांबली नाही. तिच्या मागे जायची त्याची छाती झाली नाही.

आता तारा सरळ उभ्या होत्या, मधलं अंतर अगदी नेमकं. चौकटीच्या नटांना त्याने दाजींचा पाना लावून पाहिला. एकही नट तसूभर हलला नाही. नटावरून काढलेला अंगठा लाल झाला होता.

प्रत्येक नटावर ओली रेघ होती, डाव्या हाताने ओढावी तशी तिरकी.