पाठराखीण

"पहिल्यांदा मागे तिलाच बसवू. गाडीला काही लागलेलं असलं, तर ते आधी परक्या रक्ताला लागू दे."

हे वाक्य निरुपमाच्या कानांसाठी नव्हतं. ती गच्चीवरून वाळलेल्या कुरडयांचं ताट घेऊन उतरत होती, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला नुसती जाळी होती. बोलल्या त्या सासूबाई, नलिनीबाई. सासरे जयवंतराव म्हणाले, "हळू बोल जरा." मग तिसरा आवाज आला, आनंदचा. चार महिन्यांपूर्वी ज्याने तिच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं, तो एवढंच म्हणाला, "बरं."

निरुपमा जिन्यातच थांबली. सासूबाईंचं वाक्य तिला फारसं लागलं नाही. त्यांच्याकडून तिला याहून वेगळं काही ऐकायला मिळेल, असं तिला वाटलंही नव्हतं. लागलं ते आनंदचं 'बरं'. मग ती खाली आली, ताट ठेवलं, आणि चौघांचा चहा टाकला. आल्यासकट.

जयवंतरावांना स्टेशन वॅगन हवी होती. बडोद्यातल्या वासण्याच्या त्यांच्या सोसायटीत प्रत्येकाच्या दारात आखूड पाठीच्या गाड्या. यांना लांब पाठीची हवी, म्हणजे माणसं बसून मागे सामान राहील आणि जेजुरीला सगळं घर एका खेपेत जाईल. पण तसली गाडी नवी मिळणं बंद झालं होतं. आणि जुनी, कमी चाललेली, धड अशी अख्ख्या बडोद्यात एकच होती, रावपुऱ्यात ओळखीच्या भास्कररावांकडे. दोन वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. बडोद्याच्या मराठी घरांमधून एवढं माहीत होतं की त्यांची सून त्या गाडीत गेली. कशी गेली, ते कुणी विचारत नसे. विचारलं की भास्करराव पाहुण्यांसाठी पाणी आणायला उठत, ते बराच वेळ परत येत नसत.

मे महिना होता. दुपारी साडेचारला चौघं रिक्षाने रावपुऱ्यात पोचले, तेव्हा रस्त्याचं डांबर चपलेला धरत होतं.

"बेसो, बेसो," भास्करराव खुर्च्या दाखवत म्हणाले. उंच, वाकलेला माणूस. बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहणारा. "आधी सरबत घ्या. गाडी कुठे पळून जात नाही."

सरबत पिऊन पुरुष शेडकडे गेले, आणि त्यांच्यामागून सासूबाई. निरुपमाने ताडपत्री ओढलेली पाहिली. गाडी पांढरी होती, म्हणजे एके काळी. जयवंतरावांनी टायरला लाथ मारली, पत्र्यावर बोटांनी टकटक केलं, बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. त्यांना त्यातलं काही कळत नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. "ॲव्हरेज किती देते?" त्यांनी विचारलं.

"देत होती तेव्हा चांगलं देत होती," भास्करराव म्हणाले.

मागचं दार त्यांनी सगळ्यांत शेवटी उघडलं. ते बाहेरूनच उघडत होतं. आतल्या बाजूला हँडल नव्हतं. असायचं कारणच नव्हतं, तिथे सामान ठेवायचं. भास्कररावांनी मात्र तिथे एक लहानसं बाक बसवून घेतलं होतं, मागे तोंड करून बसायचं, दोघांपुरतं.

"घरातली माणसं वाढली ना," ते म्हणाले. "सगळ्यांना न्यायचं म्हणजे..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

आतून गरम रेक्झिनचा वास आला. त्याच्या खाली पिकलेल्या आंब्यांच्या गवताचा, आणि त्याच्याही खाली काहीतरी आंबूस. निरुपमाची नजर मागच्या काचेवर गेली. आतल्या बाजूने तिच्यावर बारीक पांढरे टवके होते. शेकडो. सगळे एकाच उंचीवर, बसलेल्या माणसाचं मनगट येईल तिथे.

"सामानाचं लागलं असेल," भास्करराव तिने न विचारताच म्हणाले, आणि पाणी आणायला गेले.

त्यांच्या बायकोने, पद्माबाईंनी, निरुपमाला देवघरात बोलावलं. "नवी सून पहिल्यांदा उंबऱ्यात आलीय. ओटी भरल्याशिवाय कशी पाठवू?"

देवघराला खिडकी नव्हती. समईच्या उजेडात पद्माबाईंनी तिला कुंकू लावलं, पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. त्यांचे हात बर्फासारखे गार होते.

"तू फारशी बोलत नाहीस, नाही का?" त्या हळूच म्हणाल्या.

निरुपमा हसली.

"शालिनीही नव्हती बोलत... आमची सून." पद्माबाईंनी दाराकडे पाहिलं. "द्वारकेहून येत होतो. असाच मे. आम्ही सहाजण पुढच्या सीटांवर, ती मागे. मध्ये आंब्यांच्या पेट्या, वळकट्या, अगदी छतापर्यंत... तिच्याकडे पाणी द्यायचं राहिलं."

समईची वात तडतडली.

"राजकोट सोडल्यावर मागे वाजायला लागलं. किण्... किण्... मी म्हटलं, भांडी वाजताहेत. हे म्हणाले, डोकं उठवलं या भांड्यांनी."

"आणि मग?" निरुपमाने विचारलं. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"लिंबडीच्या पुढे थांबलं." पद्माबाई तिच्या पदरातले तांदूळ सारखे करत होत्या. "आवाज थांबला तेव्हा... बरं वाटलं गं आम्हाला."

बाहेर नलिनीबाई हाक मारत होत्या. पद्माबाईंनी पटकन तिचं मनगट धरलं. "ती गाडी उभी आहे ना, ती दुपारी वाजते. रोज. अडीच-तीनला. मी आता जेवत नाही दुपारची..." आणि मग एकदम, बाजारात भाव ठरवणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी त्यांनी निरुपमाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझी ओटी भरली मी. आता तू या घरची लेक."

सौदा झाला होता. आनंद चाकामागे बसला, जयवंतराव त्याच्या शेजारी, नलिनीबाई मधल्या सीटवर एकट्या, ऐसपैस. "निरुपमा, तू मागे बस हं. बघ तरी कसं काय आहे ते," त्या म्हणाल्या, अशा मायेने की बाजूला कुणी असतं तर त्याला कौतुक वाटलं असतं. निरुपमाने आनंदकडे पाहिलं. तो आरसा सारखा करत होता.

ती पदरातला नारळ सांभाळत आत बसली. भास्कररावांनी दार बाहेरून लावलं, आणि लागलं की नाही ते दोनदा ओढून पाहिलं.

तेवढ्यात पद्माबाई नलिनीबाईंच्या खिडकीशी आल्या.

"हिच्या लग्नात पाठराखीण कोण आली होती हो?"

"कोण येणार? मिरजेहून एक बाप आला आणि एक ट्रंक." नलिनीबाई हसल्या. मुलीला सासरी एकटं वाटू नये म्हणून माहेरची एखादी बाई सोबत धाडतात, ती तिच्या शेजारी बसते, शेजारी निजते, तिची बाजू राखते. निरुपमाच्या माहेरी तशी बाईच उरली नव्हती, आणि हे नलिनीबाई चार महिन्यांत चाळीस जणांना सांगून झाल्या होत्या.

"आता ही आमची लेक. आमच्या घरची ओटी घेऊन निघाली," पद्माबाई म्हणाल्या. "मग पाठराखीण आम्ही दिली, तर न्याल ना तुम्ही?"

नलिनीबाई जुन्या सरदारी वळणाच्या. निघताना यजमानिणीने काही देऊ केलं, तर नाही म्हणायचं नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की काय देऊ केलंय ते त्या ऐकतही नसत. "अगो बाई, द्या की! आनंदाने नेऊ."

पद्माबाईंनी हात जोडले. नलिनीबाईंना नव्हे. त्या चालत गाडीच्या मागे आल्या, आणि काचेतून निरुपमाच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाल्या, "जा बाई आता. आवजो नको म्हणायला, परत येऊ नकोस."

गाडी निघाली.

उलट्या तोंडाने बसलं की रस्ता येत नाही, नुसता जातो. रावपुऱ्याची दुकानं निरुपमापासून मागे मागे सरकत गेली, टॉवर गेला, दांडिया बाजार गेला. पुढे एसी लागला होता; मागे त्याची झुळूकही येत नव्हती. कानशिलांवरून घाम ओघळत होता. तिने दोन्ही हातांनी नारळ घट्ट धरला होता.

किण्.

तिने आपल्या बांगड्यांकडे पाहिलं. त्या हलल्या नव्हत्या.

किण्... किण्...

"बांगड्या काय वाजवतेस गं?" नलिनीबाई न वळता म्हणाल्या. "डोकं उठवलंस अगदी."

निरुपमाने बांगड्या मनगटावर मागे सारल्या. शेजारचं रेक्झिन हळूच कुरकुरलं, कुणी अंग चोरून बसावं तसं. बाक तिच्या उजव्या बाजूला दबलं. तिने तिकडे पाहिलं नाही. समोरच्या काचेत तिचं स्वतःचं प्रतिबिंब होतं, आणि शेजारी काहीच नव्हतं. फक्त त्या रिकाम्या जागेसमोर काचेवर वाफ धरत होती. धरायची, विरायची. पुन्हा धरायची. मे महिन्याच्या त्या भट्टीत.

"पाणी... आहे?"

आवाज इतका अदबीचा होता, की भीतीच्या आधी निरुपमाला वाईट वाटलं. चार महिन्यांत या घरात तिला कुणी काही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिने पिशवीतली बाटली काढली, झाकण फिरवलं, आणि समोर बघतच उजवीकडे धरली. बाटली तिच्या हातातून गेली. मग पिण्याचा आवाज आला. घोट घोट, न थांबता, एवढ्याशा बाटलीत मावणार नाही इतका वेळ. आनंद हॉर्न वाजवत होता. जयवंतराव गिअरबद्दल काही सांगत होते. बाटली परत तिच्या मांडीवर आली, कोरडी ठणठणीत.

आणि मग तिच्या मानेवर गार वारा आला. कुणी पदराने वारा घालावा, तसा.

अकोट्याच्या पुलावर गाडी चढली. खाली विश्वामित्रीचं काळं पाणी होतं. त्या गारव्यात निरुपमाला चार महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला, आणि याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"तुझी सासू कुठली..." आवाज कानाशी आला. "ती... मधली?"

पूल लांब नाही. पण तेवढ्यात निरुपमाला पुष्कळ आठवलं. ट्रंक आठवली. जाळीतून आलेलं वाक्य आठवलं, आणि त्यानंतरचं ते 'बरं'.

पुलाच्या टोकाशी गाडीला धक्का बसला, आणि निरुपमाची मान हलली. धक्क्याने हलली की हो म्हणून हलली, ते तिने पुढे कधी स्वतःलाही सांगितलं नाही.

घरी पोचल्यावर दार उघडायला नलिनीबाई स्वतः आल्या. दूध फाटलंय का ते बघावं, तसं त्यांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "काही झालं?"

"नाही, आई."

"बघितलंत?" त्या पुरुषांना म्हणाल्या. "लोकांना नुसता वहेम. काही लागलेलं नाही गाडीला." आणि त्यांचा चेहरा उतरला, म्हणजे थोडा हिरमोड झाल्यासारखा.

त्या संध्याकाळी धुळीचं वादळ आलं. गाडीची एक खिडकी बोटभर उघडी राहिली होती. किल्ली जयवंतरावांच्या उशीखाली होती.

सकाळी लवकर पावागढला निघायचं ठरलं, देवीला गाडी दाखवायला. चारी चाकांखाली लिंबं ठेवून झाली, हार घातला, नलिनीबाईंनी नवं इरकल नेसलं होतं. "मी मधेच बसेन," त्या म्हणाल्या. "निरुपमा, तू आपली मागे. तुला आता सवय झाली."

जयवंतरावांनी मागचं दार उघडलं.

आत सगळीकडे धूळ होती, बोटभर, पिठासारखी. काचांवर, आदल्या संध्याकाळीच आत ठेवलेल्या वळकटीवर, बाकाच्या पाठीवर. बाकाच्या उजव्या अर्ध्या भागावर मधोमध खोलगट दाब होता, आणि त्या दाबातही धूळ साचलेली. डावा अर्धा भाग, काल निरुपमा बसली होती तो, मात्र लख्ख होता. ओल्या फडक्याने, कोपऱ्याकोपऱ्यांतून, सावकाश पुसलेला. अजून ओला.

जयवंतरावांनी खिसा चाचपून किल्ली काढली, पाहिली, पुन्हा खिशात ठेवली.

"निरू," आनंद म्हणाला. कालपासून पहिल्यांदाच तो तिच्याकडे बघत होता. "हे तू पुसलंस?"

"मला कशाला विचारताय?" नलिनीबाईंचा आवाज चढला, जरी त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. "हिनेच पुसलं असणार! स्वतःला बसायला. बस म्हणते ना मी... बस आत!"

आतून, वळकटीच्या पलीकडून, अगदी हळू आवाज आला. किण्.

या वेळी तो चौघांनीही ऐकला.

निरुपमाने हातातली पाण्याची बाटली पोटाशी धरली. मग ती दारापासून एक पाऊल बाजूला झाली, वडीलधाऱ्यांना वाट द्यावी तशी, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"मी नाही पुसलं, आई. आणि माझ्यासाठी नाही ते. बसा तुम्ही... तुमच्यासाठी जागा करून ठेवलीय त्यांनी."