तात्यांच्या पंचवीस गोण्या

मे महिन्याच्या सुट्टीचे बेत शौनकने वहीत लिहून आणले होते, आणि राजलक्ष्मी त्यातलं काहीच ऐकत नव्हती. श्रुतीने खोदून विचारलं, तेव्हा ती म्हणाली की पुढच्या वर्षी ती त्यांच्या वर्गात नसेल. तिचे वडील, तात्या, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहायचे. इतर माथाडी तासाला तीस गोण्या उतरवत, तात्यांच्या पंचवीसच होत. टोळीचे मुकादम रणजीतकाका म्हणाले होते, झेपत नसेल तर गावी जाऊन आराम कर. तात्यांनाही ते पटलं होतं. इथली घणसोलीतली खोली सोडून सगळ्यांनी साताऱ्याकडच्या गावी जायचं ठरत होतं.

शौनकने वही मिटली. सगळे बेत बाराच्या भावात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांचा डबा द्यायला तिघं मिळून मार्केटात गेली. एका डब्याला तीन माणसं पाहून तात्या हसले आणि लगेच पुढची गोणी घ्यायला वळले. स्वतःला मोठा गुप्तहेर समजणाऱ्या शौनकने त्यांच्या आणि शेजारच्या गाळ्यातल्या माथाड्याच्या फेऱ्या मोजायला घेतल्या. तासाभराने आकडे आले पंचवीस आणि तीस. राजलक्ष्मीचा चेहरा उतरला. मुकादमांची मोजणी चुकली असेल, अशी तिला वेडी आशा होती.

"पण तात्या एकदाही थांबले नाहीत," श्रुती म्हणाली. "घाम तर दोघांनाही सारखाच आलाय." ही मुलगी गणितात जेमतेम पास होते, पण माणसांकडे नीट बघते.

तात्यांना विचारलं, तर ते म्हणाले की दिवाळीपासून ते या नव्या शेठच्या गाळ्यावर आहेत आणि तेव्हापासूनच ओझं जड लागतंय. "वय झालं की गोणी जड लागतीच, पोरी."

राजलक्ष्मीच्या मनात आलं, गोणीच जड असली तर?

पन्नास किलोच्या वर गोणी भरायची नाही, हा नियम मार्केटात सगळ्यांना पाठ होता. म्हणूनच तर कोणी वजन बघत नव्हतं. मुकादम गोण्या मोजायचे, काट्यावरचा कारकून अख्ख्या ट्रकचं वजन करायचा, आणि दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलं नव्हतं. मोठ्या माणसांचं हे असंच असतं.

तिघांनी दोन्ही गाळ्यांवरच्या ट्रकच्या ड्रायव्हरांकडून काट्याच्या पावत्या मागून घेतल्या. दोन्ही ट्रकांत माल पंधरा टनच होता. "सारखंच आहे की," शौनक हिरमुसला. राजलक्ष्मीने मात्र मुकादमांची गोण्यांच्या हिशेबाची पाटी पाहिली. शेजारच्या ट्रकात गोण्या होत्या तीनशे आणि तात्यांच्या ट्रकात अडीचशे. तिने पावतीच्या पाठीवरच भागाकार मांडले. एकाचं उत्तर आलं पन्नास, दुसऱ्याचं साठ.

ती तशीच मुकादमांसमोर जाऊन उभी राहिली. 

"काका, तीस गोण्या पन्नास किलोच्या, म्हणजे तासाला दीड हजार किलो. पंचवीस गोण्या साठ किलोच्या, म्हणजेही दीड हजारच. तात्यांचं काम एका किलोनेही कमी नाही."

मुकादमांनी आधी हसण्यावारी नेलं. पोरगी हटेना, तेव्हा त्यांनी गाळ्यातल्या काट्यावर एक गोणी ठेवायला लावली. ती भरली साठ किलो. दुसरी भरली एकसष्ट. मग त्यांनी शेठला बोलावून सगळ्यांदेखत सुनावलं की उद्यापासून पन्नासच्या वरची एकही गोणी इथे उतरणार नाही.

"चुकलं माझं, ज्योतिबा," ते तात्यांना म्हणाले. "मी नुसत्या गोण्या मोजत बसलो. या पोरांनी तुझी मेहनत मोजली."

 तात्यांनी राजलक्ष्मीला जवळ घेतलं आणि ते दीड हजार कसे आले, ते पुन्हा सांगायला लावलं. तिने सावकाश सगळा गुणाकार करून दाखवला. अख्खी टोळी भोवती उभी राहून ऐकत होती.

"म्हंजे मी म्हातारा झालो न्हाई," तात्या डोळे पुसत म्हणाले. "मग गावाला कशापायी जायचं? आठवीची पुस्तकं घेऊ आपण."