लाट तुटकी, पाणी गढूळ

दुपारचं जेवण झालं की एरंडेल मनोऱ्यावर जायचा आणि समुद्राची बातमी सांगायचा. सकाळी एकदा सांगितलेली असायची, ही दुसरी. किनाऱ्यावर लोखंडी खांब रोवले होते, खांबांवर भोंगे होते. मनोऱ्याच्या खोलीत बटण दाबून बोललं की आवाज पार शेवटच्या खडकापर्यंत जायचा. लाट केवढी, वारा कुठला, पाणी कसं, उद्या काय होईल. एवढंच सांगायचं आणि बुडणाऱ्याला बाहेर काढायचं, ही त्याची नोकरी.

एरंडेल हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लोकांनी ठेवलेलं. पण चुकीचं नव्हतं. त्याचं बोलणं घशाखाली उतरायचं नाही, आणि उतरलं की गुण यायचा. समुद्राला त्याने ‘छान’ म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं. लाट उत्तम असली तर तो म्हणे, ‘चालेल.’ बाकी दिवस ‘वाईट.’ छान म्हटलं की माणूस सैल पडतो, आणि समुद्र नेमका सैल माणसालाच धरतो, असं त्याचं मत. मेलेली माणसं त्याने याच हातांनी वाळूवर आणली होती. त्याला शिकवायला कोणी जात नसे.

घरातही तोच खाक्या. त्याची एकुलती लेक लाटांवर फळी चालवायची. दुसऱ्या किनाऱ्यावरच्या स्पर्धेत ती पहिली आली आणि चषक घेऊन दारात उभी राहिली. बापाने चषक हातात घेतला, उलटा करून बूड पाहिलं आणि म्हणाला, “शेवटच्या लाटेला तुझा डावा पाय घसरला होता.”

लेक चषक त्याच्या हातातच सोडून आत गेली.

बायको म्हणाली, “म्हणजे बघायला गेला होतात तर. आणि आम्हाला सांगितलंत, दोर आणायला चाललोय.”

“दोरही आणला.”

“अहो, पोरीला एक शब्द चांगला बोलला असतात तर जीभ झिजली असती का?”

“जीभ झिजली नसती,” तो म्हणाला. “पोरगी बुडाली असती.”

तर त्या आठवड्यात समुद्राने तोंड वाकडं केलं होतं. लाट उठायची आणि उभी राहायच्या आधीच मोडायची. वारा समुद्राकडून, ओला आणि जड. पाणी गढूळ. कुजलेल्या शेवाळाचा वास सगळ्या किनाऱ्यावर बसला होता, उठायचं नाव घेत नव्हता. माणसं फिरकत नव्हती. फळ्या भाड्याने देणाऱ्याच्या टपरीपुढे फळ्या कोरड्या उभ्या होत्या. हा फळीवाला मोठा बोलका गडी. दगडालाही बोलतं करील असा.

“काका, आज तरी जिभेवर साखर ठेवा,” मनोऱ्याकडे निघालेल्या एरंडेलला त्याने हाक मारली. “तुमचं ऐकून आता मासेसुद्धा घरी बसलेत.”

“मग मासे तुझ्यापेक्षा शहाणे.”

लेक टपरीपाशी वाळूत बसून फळीला मेण चोळत होती. मान वर न करता तिने विचारलं, “बाबा, आज कसं आहे?”

“डोळे आहेत ना?”

“डोळे आहेत. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

“भोंग्यावर ऐक,” तो म्हणाला आणि जिना चढला.

खोलीत गेल्यावर त्याने खिडकीची काच पुसली. बाहेर धुकं येत होतं. भरदुपारी. पाण्यावरून सरपटत, सावकाश, चोर शेजारच्या घरातून चालत यावा तसं. त्याने बटण दाबलं.

“लक्ष द्या. लाट गुडघ्याएवढी, तुटकी. वारा समुद्राकडून. पाणी गढूळ. उद्याही सुधारणा नाही. समुद्र वाईट आहे. कोणी उतरायचं नाही.”

त्याने बटण सोडलं. रोज असं व्हायचं की शेवटचा शब्द खडकावर आपटून परत यायचा. आपलाच आवाज जरा उशिराने आपल्याला भेटायचा. त्याची त्याला सवय होती. तो थांबला.

शब्द परत आला नाही.

धुक्यामुळे असेल, असं त्याने मनाला सांगितलं. रोजच्यासारखा भोंग्याचा प्लग काढला आणि दुर्बीण पुसायला घेतली. दुर्बिणीतून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. वाळू दिसत होती, तिच्यापुढे पांढरी भिंत. लाटांचा आवाजही बसला होता. कोणी महत्त्वाचं बोलणार असलं की खोलीत जशी शांतता होते, तशी शांतता.

थोड्या वेळाने जिन्यावर धपाधप पावलं वाजली. फळीवाला आत आला तो हसतच.

“काका, हात द्या! आज सूर्य पश्चिमेला उगवला.”

“काय झालं?”

“वा! स्वतः बोलायचं आणि वर विचारायचं, काय झालं. ‘लाट छान आहे. ये पोरी, तुझ्यासारखी ह्या किनाऱ्यावर कोणी नाही.’ अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी तर ताडकन उभी राहिली. असा चेहरा तिचा मी कधी पाहिला नव्हता. फळी उचलली आणि पळतच गेली धुक्यात.”

एरंडेलने हातातली दुर्बीण खाली ठेवली.

“मी असं बोललो नाही.”

“आता लाजू नका...”

“प्लग बघ.”

फळीवाल्याने भिंतीकडे पाहिलं. वायर जमिनीवर पडली होती. त्याचं हसू तोंडावरच राहिलं, उतरायला विसरलं.

“मग काका... बोललं कोण?”

तेव्हा दोघांनीही ऐकलं. लांबून, पाण्यावरून. एरंडेलचाच आवाज, तीच खरखर, तोच शब्दांवर दिलेला जोर.

“आणखी थोडं पुढे, पोरी. इथे लाट छान आहे.”

एरंडेल जिना कसा उतरला ते फळीवाल्याला कळलंही नाही. पाण्याच्या कडेला उभा राहून तो छातीच्या भात्यातून ओरडला, “मागे फीर!”

“मागे फीर,” धुक्यातून उत्तर आलं. मग डावीकडून, “मागे फीर.” मग उजवीकडून. सगळे आवाज त्याचेच. आत पाण्यात असलेल्या पोरीला आता कळणार नव्हतं की किनारा कुठे आणि मागे म्हणजे कुठे.

त्याने तोंड मिटलं. जेवढं ओरडू तेवढं ते घेणार, हे त्याला समजलं. त्याने बुडणाऱ्याला धरायला द्यायचा फुगा खांद्याला अडकवला आणि फळीवाल्याच्या हातात लोखंडी पहार दिली.

“ह्या खांबावर मारत राहा. थांबू नकोस. आणि तोंडातून शब्द काढू नकोस.”

“पण काका, मी एकटा इथे...”

“आयुष्यात एकदा गप्प बस.”

फळीवाल्याने पहार उचलली. खांबावर पहिला घाव पडला तेव्हा एरंडेल कमरेएवढ्या पाण्यात होता.

धुक्यात हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. पण लेक कुठे आहे हे त्याला विचारावं लागलं नाही. तो आवाज तिच्याजवळच होता. तेव्हा तो आपल्याच आवाजाच्या मागे पोहत निघाला. पाणी गार होतं आणि जाड होतं, पेजेसारखं. शेवाळ हातांना गुंडाळत होतं.

“स्पर्धेच्या दिवशी मी मागे गर्दीत उभा होतो, पोरी,” आवाज म्हणत होता. “शेवटच्या लाटेवर तू अशी उभी राहिलीस की माझा श्वास अडकला. शेजारच्या अनोळखी माणसाला मी म्हणणार होतो, ती माझी आहे.”

एरंडेलचे हात क्षणभर थांबले. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. मोठ्याने तर कधीच नाही.

त्याला भीती वाटायला हवी होती. त्याला राग आला. माझं न बोललेलं माझ्याच लेकीला माझ्याच आवाजात सांगायला तू कोण? तो जोराने पाणी कापत निघाला.

ती फळीवर पोटावर झोपून होती, तोंड खोल समुद्राकडे, दोन्ही हातांनी पाणी ओढत. गालांवर पाणी होतं. हसत होती. त्याने फळीचं टोक धरलं. तिने वळून पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

“बाबा पुढे आहेत,” ती म्हणाली. जणू तो कोणी परका.

“फळी वळव.”

“फळी वळव,” धुकं म्हणालं. आणि मग, अगदी हळू, “त्याचं ऐकू नकोस, पोरी. तो कधी तुला छान म्हणाला का?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या तोंडाशी शब्द आला होता. पण तो शब्द आता त्याचा राहिला नव्हता. वापरून उष्टा केलेला होता. तो बोलला असता तर ती त्याला धुक्यातलाच समजली असती.

त्याने तिचा घोटा धरला. लहानपणी पोहायला शिकवताना तो तिला असाच धरायचा. इतर बाप कमरेला धरायचे, हा घोट्याला. दोराने सोललेला खरखरीत तळवा, अंगठा हाडावर, सोडायचं नाही अशी पकड. आवाज दोन होते. हात एकच होता.

तिने पायाकडे पाहिलं. मग फळी वळवली.

लांबून खांबाचा टणत्कार येत होता, एकसारखा. त्या दिशेने दोघं निघाली. आवाज मागोमाग आला.

“छान म्हटलं ना मी? मग का जातेस? आणखी म्हणतो. छान. छान...”

तेव्हा पोरीचा संयम सुटला. फळीवर गुडघ्यांवर उठून ती धुक्याकडे बघून ओरडली, “गप्प बस! माझे बाबा असं बोलत नाहीत! मला नकोय तुझं छान! चोरा, गप्प बस!” ती रडत होती आणि शिव्या देत होती, बापासमोर कधी तोंडातून काढल्या नव्हत्या अशा. एरंडेलने तिला अडवलं नाही. तिचा आवाज बारीक होत गेला, बारीक होत गेला. त्याला वाटलं, दमली असेल. वाळू पायाला लागली तेव्हा ती नुसतीच ओठ हलवत होती.

डॉक्टरने घसा तपासला, पुन्हा तपासला. घशात काही बिघाड नाही म्हणाला.

पण आवाज गेला तो गेला. घरात बायको एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन रडायची. एका रात्री जेवताना ती म्हणाली, “जे बापाने बोलायचं ते समुद्राने बोलून घेतलं. म्हणून गेली ती.”

“म्हणून गेली,” एरंडेल म्हणाला. “आणि परत आली ती कोणासाठी?”

लेकीने मान वर केली नाही. पण तिने त्याच्या ताटात आपल्या हातांनी वाढलं.

फळीवाला आता कमी बोलायचा. तो म्हणाला, “काका, काही दिवस भोंगा बंद ठेवा. ते ऐकतंय.”

“ऐकू दे. ऐकायलाच लावलाय.”

“तुमचा आवाज नेला, पोरीचा नेला. उद्या आणखी कोणाचा...”

“माझा नेला नाही. नक्कल केली. नक्कल कोणीही करतं. आणि पोरीचा मी परत घेईन. रोज तिथे उभा राहून मागेन. समुद्राला वाटत असेल म्हातारा कंटाळेल, तर त्याने म्हातारा ओळखला नाही.”

आणि तो रोज गेला. सकाळी आणि दुपारी. वाईट तर वाईट, चालेल तर चालेल. बातमी सांगून झाली की बटण न सोडता शेवटी एवढंच म्हणायचा, “माझ्या लेकीचा आवाज परत दे.” लोक हसले. मग हसायचे थांबले. वरच्या साहेबांकडून निरोप आला की सरकारी भोंग्यावर घरची गोष्ट बोलू नये. त्याने निरोप आणणाऱ्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं.

मग पुन्हा एका दुपारी धुकं आलं. लेक त्या दिवशी हट्टाने त्याच्याबरोबर मनोऱ्यावर चढली. त्याने बातमी सांगितली, मागणं मागितलं, प्लग काढला. बाहेर लाटांचा आवाज बसला. तोच शेवाळाचा वास खोलीत आला.

लेकीने त्याची बाही घट्ट धरली. तिचे ओठ हलले.

आणि पाण्यावरून, लांबून, तिचा आवाज आला. “बाबा, तुम्ही उतरू नका. समुद्र वाईट आहे.”

एरंडेलने तिच्याकडे पाहिलं. ती पुन्हा बोलली. ओठ इथे, आवाज तिथे. “ऐकताय ना, बाबा? मी इथे तुमच्याजवळ आहे. उतरायचं नाही.”

“ऐकतोय,” तो म्हणाला. तो ताठ उभा राहिला. “छान बोललीस, पोरी.”

आयुष्यात पहिल्यांदा. स्वतःच्या तोंडाने, तिच्या डोळ्यांत बघून. ती हसली आणि तिने ओठ मिटले.

“पण थोडंसंच आहे, बाबा,” धुक्यातून तिचा आवाज म्हणाला. “गुडघ्याएवढं तर पाणी आहे. या ना...”

लेकीने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. मान हलवून ती नाही, नाही म्हणत होती. आवाज येतच होता.

एरंडेल जिन्याकडे वळला नाही. त्याने वाकून वायर उचलली, प्लग लावला आणि पुन्हा मागायला बटण दाबलं.

“लक्ष द्या,” तो म्हणाला.

“लक्ष द्या,” त्याच्या लेकीच्या आवाजात समुद्र म्हणाला, आणि पुढचं ऐकायला गप्प झाला.